बहात्तर किलोच्या आत

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि योगिताला म्हणाले, "रक्तगट जुळतो. दोन्ही किडन्या चांगल्या आहेत. पण तुमचं वजन एक्क्याऐंशी आहे. तुमच्या उंचीला ते बहात्तरच्या आत आल्याशिवाय मी तुमचं ऑपरेशन करणार नाही. धोका तुम्हाला आहे."

"किती दिवसांत उतरवायचं?"

"चार-पाच महिने लागतील. उपाशी राहून नाही, मोजून खाऊन."

बाहेर बाकावर तिचा धाकटा भाऊ ललित बसला होता. वय एकोणतीस. सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग कारखान्यात तो कामाला होता. किडन्या गेल्या तसं कामही गेलं. दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. वडील हयात नव्हते. आई सुंदराबाईला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी घेता येत नव्हती. राहिली योगिता.

"नाही म्हणाले का?" ललितने विचारलं.

"नऊ किलो म्हणाले," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ स्नेहाबेननी तिच्या मोबाईलवर कॅलरी लिहायचं अ‍ॅप टाकून दिलं. दिवसाला तेराशे, त्याच्या वर नाही. "आणि योगिताबेन, अंदाज नाही चालणार," त्या म्हणाल्या. "वाटी, चमचा, मूठ हे माप नव्हे. काटा घ्या. पीठ कोरडं तोला, तांदूळ शिजायच्या आधी तोला, तेलसुद्धा तोला. आधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग वस्तू घालायची."

योगिताचं घर बमरोलीत, दोन खोल्यांचं. नवरा सुकदेव लूमवर कामाला. ललित आजारी पडल्यापासून तो आणि आई हिच्याकडेच राहायला आले होते. योगिता पांडेसऱ्यात साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जायची, म्हणून स्वयंपाक आईच्या हातात. रोज सकाळी योगिता स्वतःच्या वाट्याचं तोलून वेगळं काढायची. साठ ग्रॅम ज्वारीचं पीठ, तीस ग्रॅम तुरीची डाळ, दोनशे ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. आई ते वेगळ्या पातेल्यात शिजवून द्यायची. संध्याकाळी पुन्हा तसंच.

आईला हे पसंत नव्हतं. चाळीस वर्षं सुरतेत काढली तरी ती घरात अहिराणीच बोलायची. "अन्न तोलीसन कोनी खास का?" ती म्हणायची. "बरकत जास घरनी." तोलून खाल्लं की घराची बरकत जाते, असं तिचं म्हणणं.

"जाऊ दे," योगिता म्हणायची आणि पुढचं भांडं काट्यावर ठेवायची.

कामावरच्या बायका दुपारी शेवभाजीचा डबा पुढे सरकवायच्या. ती हात लावायची नाही. संध्याकाळी घरी पायी यायची, पाऊण तास. पहिल्या सहा आठवड्यांत साडेतीन किलो उतरले. मग वजन साडेसत्त्याहत्तरवर आलं आणि तिथेच बसलं. एक आठवडा, दोन, तीन, चार. भूक तेवढीच होती, चालणं तेवढंच होतं. तिने संध्याकाळची भाकरी अर्धी केली, तरी वजन हललं नाही.

स्नेहाबेननी अ‍ॅपमधल्या सगळ्या नोंदी पाहिल्या. "तुम्ही लिहिलंय तेवढंच खात असाल तर वजन उतरायला हवं," त्या म्हणाल्या. "एक तर काटा चुकतोय, नाही तर तुमच्या पोटात असं काही जातंय जे इथे लिहिलेलं नाही."

योगिताला राग आला, पण घरी येऊन तिने आधी स्वयंपाकघरातला काटाच तपासला. सुकदेवने कारखान्यातून सूत तोलायचं दोनशे ग्रॅमचं वजन एका रात्रीपुरतं मागून आणलं. काट्यावर ठेवलं. दोनशे. उचलून पुन्हा ठेवलं. दोनशे.

"काटा खरा आहे," सुकदेव म्हणाला.

मग तिने घरातले डबे तोलायला सुरुवात केली. पीठ, तेल, साखर सगळेच खात होते, त्यावरून काही कळेना. पण शेंगदाण्याच्या कुटाचा डबा वेगळा होता. ललितला शेंगदाणे डॉक्टरांनी बंद केलेले, सुकदेवला त्याने पित्त व्हायचं. कूट लागायचा तो आईच्या चतुर्थीच्या साबुदाण्यापुरता, आणि चतुर्थीला अजून दहा दिवस होते. चार दिवस योगिताने तो डबा कामावर जाताना आणि झोपताना तोलला. रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास कमी होत होता.

बुधवारी सुकदेव ललितला घेऊन डायलिसिसला गेला होता. आई खाली बसून मेथी निवडत होती. योगिता तिच्यासमोर बसली.

"माय, कूट कशात घालतेस?"

आईचा हात थांबला. मग मान वर न करता म्हणाली, "तुना वरणमा. भाजीमा बी. तेल बी टाकस वरतून."

"कशासाठी?"

"एक पोऱ्या त्या मशीनवर निजेल शे. आते तुले बी फाडतीन. तुले काही व्हयनं तर मी कोनाकडे देखू? दोन्ही पोरे मनाच शेतस."

योगिताला ओरडावंसं वाटलं. चार आठवडे ती स्वतःलाच दोष देत होती. रस्त्याने येताना फरसाणाच्या दुकानासमोरून मान फिरवून चालत होती. तिने मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली.

"माय, या चार आठवड्यांत ललितला बारा वेळा सुया टोचल्या," ती म्हणाली. "तुला भीती वाटते तर मला सांग. माझ्या ताटात घालू नकोस. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. काय विचारायचं ते त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि आईला घेऊन गेली. आईने डॉक्टरांना सरळच विचारलं, एका किडनीवर माझी पोरगी जगेल का. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "बहुतेक माणसं चांगली जगतात," ते म्हणाले. "पण शंभर टक्के खात्री मी देणार नाही. ऑपरेशनमध्ये धोका असतोच. वजन जास्त असलं तर तो वाढतो, म्हणून तर आधी उतरवायला सांगितलं."

परतताना रिक्षात आई डॉक्टरांच्या चित्राचा कागद पाहत बसली. बमरोलीचा नाका आला तेव्हा म्हणाली, "म्हंजे मी उलटंच करं."

योगिताने तिचा हात धरला, पण दुसऱ्या दिवसापासून कुटाचा डबा शेजारच्या प्रमिलाबाईंकडे ठेवायला दिला.

तीन आठवड्यांत वजन पंच्याहत्तरवर आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पुरणाचे मांडे झाले. योगिताने एक चतकोर घेतला, पंचेचाळीस ग्रॅम भरला. नोंद केली आणि सावकाश खाल्ला. आईने दुसरा वाढायला हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. त्यानंतर कधी आठवड्याला अर्धा किलो उतरायचा, कधी शंभरच ग्रॅम. एकदा ताप आला, एकदा सलग बारा दिवस वजन तिथंच राहिलं. ती तोलत राहिली, लिहीत राहिली, चालत राहिली. सहाव्या महिन्याच्या शेवटी हॉस्पिटलच्या काट्यावर आकडा आला एकाहत्तर किलो सहाशे.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलच्या अवयवदान समितीने सगळ्यांना बोलावलं. योगिताला विचारलं, कुणाची बळजबरी नाही ना. सुकदेवला विचारलं. मग एक मॅडम आईकडे वळल्या. "माँजी, तुमची याला हरकत नाही ना?"

"व्हती," सुंदराबाई म्हणाली. "मी अडवी बी देखं. ती थांबनी नही. आते मनी हा शे." मॅडमनी तिचा होकार लिहून घेतला.

ऑपरेशन मंगळवारी झालं. पहिले दोन दिवस योगिताला कूस बदलताना कळ यायची. तिसऱ्या दिवशी नर्सने तिला उभं केलं. भिंतीला धरत ती ललितच्या खोलीपर्यंत गेली. आत जायची परवानगी नव्हती. काचेतून तिने पाहिलं, तो झोपला होता, चेहऱ्यावरची सूज उतरली होती. ड्युटीवरची नर्स म्हणाली, "किडनी चालू झालीय. रिपोर्ट रोज सुधारतोय."

योगिता थोडा वेळ काचेपाशी उभी राहिली. मग वळली आणि भिंत धरून परत निघाली. दिवसातून चार फेऱ्या मारायला सांगितलं होतं, आणि ही पहिलीच होती.