तीन उकळ्या

बत्तीस वर्षं भायखळ्याच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून काढलेल्या बाईला तान्ह्या बाळाचं दूध कसं हाताळायचं हे कुणी शिकवायला जावं, म्हणजे हद्दच झाली. पण परळच्या इस्पितळातली ती कालची पोर, रश्मी सिस्टर, कमलबाईंना रोज शिकवायची. आजी, बांगड्या काढा. आजी, हात कोपरापर्यंत धुवा. आजी, दुधाची बाटली बर्फात ठेवून आणा. 'आजी' हा शब्दच कमलबाईंच्या डोक्यात जायचा. प्रसूतिगृहात त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मोठे डॉक्टरसुद्धा.

नात दहा आठवडे आधीच जन्मली होती, अकराशे ग्रॅमची. बाराव्या दिवशी तिचं पोट फुगून टणक झालं, शीतून रक्त गेलं आणि डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बसवून नीट समजावलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं, त्यात वाईट जंतू माजले की ते सुजतं, सडतं, कधी फाटतंसुद्धा. कमलबाईंनी एवढं ऐकलं आणि त्यांचे कान बंद झाले. चांगल्या जंतूंबद्दल, आईच्या दुधाबद्दल डॉक्टरीणबाई पुढे बरंच काही सांगत होत्या. चांगले जंतू! ज्यांच्यावर आयुष्यभर फिनेल ओतलं ते आता चांगले झाले म्हणे. कमलबाईंनी मनातल्या मनात हात टेकले.

दहा दिवस पोर सलाईनवर होती. मग निरोप आला की पोट मऊ झालंय, उद्या अकराला एक मिली दूध घालून बघू, आईचं ताजं आणा. नेमका सुनेच्या, नम्रताच्या, सिझेरियनच्या टाक्यांत पू झालेला आणि तिला दोन दिवस जिना उतरायची बंदी. राजरत्नला, म्हणजे कमलबाईंच्या मुलाला, सुट्टी उरली नव्हती. राहिल्या कमलबाई.

काळजीनं नम्रताचं दूधही आटत चाललं होतं. तासभर पंप दाबून, ओठ चावून तिनं कसंबसं पंधरा मिली काढलं.

"आई, एवढंच आलं. बर्फ भरून ठेवलाय डब्यात. तशीच न्या बाटली."

"मला नको सांगूस. तू पड जरा."

नम्रता भिंतीकडे तोंड करून पडली. कमलबाई बाटली घेऊन पडद्यामागे ओट्याकडे गेल्या. लालबागच्या त्या खोलीत न तापवलेलं दूध कधी कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. त्यात इथे तर जंतूंनी लेकराचं आतडं कुरतडलेलं. त्यांनी सगळ्यांत लहान पातेली दोनदा घासली, दूध ओतलं आणि चांगल्या तीन उकळ्या काढल्या. तीन चमचे दूध ते, निम्मं पातेलीलाच चिकटलं. उरलेलं निववून त्यांनी बाटलीत भरलं आणि मोठ्या समाधानाने जिना उतरल्या.

रश्मीने बाटली उजेडाला धरली. काचेला पांढरे कण चिकटले होते.

"आजी, हे गरम केलंत?"

"गरम नाही, उकळलं. चांगल्या तीन उकळ्या. एक जंतू उरला असेल तर शपथ!"

रश्मीने डोळे मिटून एक श्वास घेतला. "काय करू मी तुमचं, आजी? अहो, तिच्या आईच्या दुधातलेच जंतू हवे होते तिला. ते पोटात गेले की वाईटांना जागा मिळत नाही. डॉक्टर तेच सांगत होत्या ना?"

काचेपलीकडे ती एवढीशी पोर झोपली होती, हाताला सुई, नाकात नळी. तिच्यासाठी आलेलं औषध आपणच गॅसवर मारून आणलं, हे कमलबाईंना आता कळलं.

"एक वाजेपर्यंत थांबतो आम्ही," रश्मी म्हणाली. "नाहीतर दूधपेढीतलं, दुसऱ्या कुणा आईनं दिलेलं, घालू. पण तेही तापवलेलंच असतं, आईच्या ताज्या दुधाची सर नाही त्याला. सुनेला फोन लावा."

कमलबाईंनी फोन लावला. "नम्रता, दूध वाया गेलं गं."

"सांडलं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. बाटल्या सांडतातच. पण नळी लावलेल्या लेकरासमोर खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"नाही. मी उकळलं."

चार वर्षांत कधी आवाज न चढवलेली सून ओरडली, "आई, तासभर लागला मला! एवढंच म्हटलं होतं ना, तशीच न्या? कधी कुणाचं ऐकता का हो तुम्ही?" आणि फोन बंद झाला.

साडेबाराला नम्रता आली. बंदी मोडून, तीन मजले उतरून, टॅक्सीने, पोटाला हात लावून. सासूकडे तिने बघितलंही नाही. काचपेटीशेजारी बसून लेकीकडे बघत बघत तिने चार मिली दूध काढलं. रश्मीने त्यातलं एक मिली सिरिंजमध्ये ओढलं आणि नळीतून थेंब थेंब सोडलं. कमलबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आत जायला त्यांना कुणी मनाई केली नव्हती.

पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचा काय तो आवाज. नम्रता दूध काढायची, बाटली स्वतः बर्फात ठेवायची, डबा नवऱ्याच्या हातात द्यायची. कमलबाई ओट्याकडे पाठ करून बसायच्या.

तिसऱ्या दिवशी बंदी उठली आणि नम्रता इस्पितळात निघाली. कमलबाई न विचारता मागोमाग गेल्या. दारातच रश्मीने हाक मारली, "आजी, या, या लवकर!" कुणी सांगायच्या आधी कमलबाईंनी बांगड्या काढल्या, हात कोपरापर्यंत धुतले.

रश्मीने डायपर उघडून धरला. मोठ्या टिकलीएवढा पिवळ्या शीचा डाग होता. रक्ताचा मागमूस नव्हता.

बत्तीस वर्षं कमलबाईंनी लोकांच्या पोरांची शी काढली होती, तोंड फिरवून, नाकाला पदर लावून. आता तो डायपर त्यांनी दोन्ही हातांत घेतला, खिडकीशी नेला, उलटसुलट करून बघितला आणि त्यांना रडूच कोसळलं. रश्मीने कचऱ्याची बादली पुढे केली तरी त्या सोडेनात.

"आई, पुरे आता," नम्रता वैतागून म्हणाली. "टाका ते, आणि हात धुवून या. तिला धरायचंय ना?"

तीन दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली होती.