वाजवून घेतलेल्या बांगड्या

शिरूरच्या डेपोतून चौफुल्याची गाडी सुटली आणि नूरबीने तिसऱ्यांदा कानातलं यंत्र काढून पदराने पुसलं. परत घातलं, डोळे मिटून ऐकलं. फरक शून्य. गाडीची घरघर तेवढी कळत होती. शेजारी बसलेली सून शाहिस्ता बोलते आहे की नुसते ओठ हलवते आहे, अल्ला जाणे.

"काय म्हणतीस?"

शाहिस्ताने तोंड जवळ आणलं. "म्हटलं, पेटी माझ्या मांडीवर द्या."

"राहू दे. माझी पेटी मला जड न्हाई."

पेटी चांगली जड होती. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, वरवंडच्या बानूबाईंच्या घरी पोचवायच्या. उद्या त्यांच्या नातीचं, प्रगतीचं लग्न, आणि आज चुडा. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे हात नूरबीनेच भरले होते, अगदी त्यांची मेंढरं रानोमाळ फिरायची तेव्हापासून. तरी आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकीकडे तोंड करून ती पुन्हा पुन्हा कान दाबत होती, आणि दर खेपेला वाटायचं, आता ऐकू येईल.

काचेच्या बांगडीचं एक असतं. दिसायला अख्खी आणि आतून पिचलेली. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. एकीवर दुसरी हलकेच आपटायची. चांगली असली तर किणकिणते, पिचलेली खट् करते. नूरबीच्या सासूने तिला भाकरी थापायच्या आधी हे शिकवलं होतं. अन् त्याच कानाने दगा दिला होता.

मार्गशीर्षात भांडगावच्या एका लग्नघरी तिने भरलेली बांगडी नवरीच्या मनगटावरच चिरफाळली. हळदीच्या हातावर रक्त आलं. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. पण त्या दिवशी सगळ्या बायका फुटलीच म्हणाल्या. त्यानंतर ठरलेली दोन घरं दुसऱ्या बांगडीवालीकडे गेली. बानूबाईंनी मात्र निरोप धाडला होता: "नूरबीच पाहिजे." आज पुन्हा तसं झालं तर शिरूर-दौंडात कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

म्हणून तर मुलगा अलीम तिला कान दाखवायला घेऊन गेला. "बारीक आवाज आधी जातात," तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. कानात मऊ लगदा भरून त्यांनी साचा घेतला आणि पंधरा दिवसांनी नूरबीच्या उजव्या कानाच्या मापाचं, दुसऱ्या कुणालाच न बसणारं, बोटाच्या पेराएवढं यंत्र हातात ठेवलं. सोबत काय काय हवं तेही त्यांनी मांडून दाखवलं. नूरबीने आधी दोरी बाजूला सारली. यंत्र हरवू नये म्हणून ते पोलक्याला अडकवायची दोरी होती ती. "मी काय शेळी हाय व्हय?" ओल काढायची डबी घेतली, कारण तिला आतून मखमल होती आणि त्यात नथही मावली असती. मळ अडवणाऱ्या बारीक जाळ्यांचं पाकीट मात्र परत केलं. टाचणीच्या टोकाएवढी ती जाळी, काडीच्या एका टोकाने जुनी काढायची, दुसऱ्याने नवी बसवायची. "असली कामं करायला केरसुणीची काडी हाय की घरात." ताई पुढेही बरंच सांगत होत्या, पण तेव्हा यंत्र त्यांच्या हातात होतं, नूरबीच्या कानात नव्हतं. तिने नुसती मान डोलावली.

पहिले आठ दिवस ईद होती. चहा उकळताना ऐकू यायचा. मग आवाज हळूहळू मागं सरकत गेला आणि आज सकाळी गपच झाला. पोराने एवढं आणून दिलेलं यंत्र बिघडलं हे सांगायचं कुठल्या तोंडाने? नूरबी मूग गिळून बसली.

वरवंडला मांडवात बायका वाटच बघत होत्या. बानूबाईंनी स्वतः पाट सरकवला. प्रगतीने हात पुढे केला. नूरबीने पहिल्या दोन बांगड्या उचलल्या, सवयीने एकीवर एक वाजवल्या.

काही नाही. पुन्हा वाजवल्या. दोन कापसाचे बोळे वाजवावेत तसं.

बायकांचं लक्ष तिच्या हाताकडे होतं. भांडगाव सगळ्यांना ठाऊक होतं. नूरबीने पोरीचा पंजा दाबून लहान केला, बांगडी बोटांपर्यंत आणली आणि तिथेच थांबली. तिला भीती वाटत होती.

शाहिस्ता कानाशी वाकली. "घाला बिनघोर. मी वाजवून घेतल्यात सगळ्या."

"कवा?"

"रोजच घेते. पेटी भरताना. दीड वरीस झालं."

नूरबीने बांगडी खाली ठेवली. "पाणी पिऊन येते," म्हणून ती उठली ती तडक मागच्या अंगणात. शाहिस्ता मागोमाग धावली आणि तिच्या कानाला लागून उभी राहिली.

"दीड वरीस? आन् भांडगावला?"

"तवा मी दौंडला होते, भावाच्या लग्नाला. पेटी तुम्ही भरली होती."

नूरबीच्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष ती लग्नघरी मान वर करून बांगड्या वाजवत होती, आणि कान होता हिचा! चार वर्षांत जिला तिने एका नवरीच्या हाताला हात लावू दिला नव्हता, जिला पेटी भरण्यापुरती ठेवली होती, तिचा.

"बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमचं नाव होतं ते." शाहिस्ताने हात पुढे केला. "द्या ते इकडं. गाडीत सात वेळा काढलंय तुम्ही."

यंत्र द्यावं लागलं. शाहिस्ताने ते उन्हात धरलं, बोटाने चाचपलं आणि नाकाशी नेलं. "अम्मी, खोबरेल?"

"मग? घट्ट बसत होतं. तेलाचं बोट लावलं की सुळकन जातं."

अडलेल्या बांगडीला नूरबी जे करायची तेच तिने रोज सकाळी यंत्राला केलं होतं. शाहिस्ता हसली नाही, हे तिचे उपकार. तिने कोरड्या फडक्याने यंत्र पुसलं आणि पर्समधून एक चपटं पाकीट काढलं. नूरबीने परत केलेलं तेच. अलीमकडून कळलं तशी दुसऱ्या दिवशी जाऊन शाहिस्ताने ते गुपचूप आणलं होतं. काडीच्या टोकावर जुनी जाळी आली ती तेलामळाने पिवळी गच्च. नवी दाबून बसवली.

"घाला. कोरडंच घाला."

नूरबीने घातलं, आणि अंगण एकदम अंगावर आलं. चुलीवरचं तेल तडतडत होतं, कुठे तरी वासरू ओरडत होतं, आणि मांडवात कुणीतरी म्हणत होतं, "म्हातारी घाबरली वाटतं."

ती परत पाटावर येऊन बसली. प्रगतीचा उजवा हात तिने भरला, पण एकेक बांगडी दोनदा वाजवून.

"अगं नूरबी, किती वाजवतीस?" बानूबाई वैतागल्या. "अशानं उद्याचा नवरदेव दारात येईल."

"येऊ द्या की. बसंल गप."

बायका हसल्या. उजवा हात पुरा झाला. डाव्या हातासाठी नूरबीने पुढचा जोड उचलला आणि वाजवला.

खट्.

शाहिस्ताने निवडलेल्यातली होती. नूरबीने सुनेकडे पाहिलं. शाहिस्तालाही ऐकू गेलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. नूरबीच्या जिभेवर आलंच होतं, आणि खोटं का सांगावं, बोलायची तिला इच्छाही झाली. एवढ्या बायकांत एकदा दाखवून द्यावं, कान कुणाचा ते.

पण जोडातली पिचलेली बांगडी तिने ओच्यात टाकली. "ही मापाला मोठी हाय," ती बायकांना म्हणाली.

मग ती पाटावरून बाजूला सरकली, प्रगतीचा डावा हात उचलून तिने शाहिस्ताच्या हातात दिला आणि पेटी आपल्या मांडीवर ओढली.

"हा हात तू भर. मी वाजवून देते."