शांतवनबुवांचं कीर्तन

नाताळ तोंडावर आला होता. बोरदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे नवे पाळक प्रशांत आढाव पारनेरवरून एम-एटी दामटत केडगावला आले आणि जयमालाच्या दारात उभे राहिले. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. पाळक दिसल्यावर तिने जुडी बाजूला सारली, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मनात म्हणाली, आता हे उपासनेला का येत नाही म्हणून विचारणार.

आढावांनी ते विचारलं नाही. पाणी पिऊन ते म्हणाले, "ताई, यंदा नाताळला गावात कीर्तन करायचं ठरलंय. शांतवनबुवांचं. ते तुमच्याशिवाय कुणाला येत नाही."

शांतवनबुवा म्हणजे जयमालाचे वडील. एके काळी पारनेर तालुक्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांवर त्यांना मोठा मान होता. डोक्याला पटका, गळ्यात वीणा, असे ते उभे राहिले की माणसं भाकरीवरून उठून यायची. येशूच्या जन्माचं आख्यान ते असं लावायचे, की तो गोठा बोरदऱ्यातच कुठं तरी असावा असं बायकांना वाटायचं. ओव्या, अभंग, सगळं स्वतः रचलेलं. मागे टाळ धरून परकर-पोलक्यातली जयमाला उभी असायची.

पुढे गावाला उबाळे नावाचे पाळक आले. शिकलेले, शिस्तीचे, मनानं वाईट नव्हते. त्यांनी पंचांना जमवून सांगितलं, की वीणा-टाळ ही दुसऱ्यांच्या देवळातली चाल आहे, आपल्या उपासनेत ती नको. पेटीवर गीतं म्हणा. पंचांनी माना डोलावल्या. बुवांनी गळ्यातली वीणा काढली ती काढलीच. पुढच्या रविवारपासून ते मागच्या भिंतीला टेकून बसू लागले. कुणाला चकार शब्द बोलले नाहीत आणि मरेपर्यंत एक रविवार चुकवला नाही.

जयमालाला राग आला तो उबाळ्यांचा कमी आणि बापाचा जास्त. माणसानं भांडावं, निदान उठून जावं. हे गप्प बसणं तिच्या डोक्यात गेलं. ती नगरला नर्स झाली, एसटीच्या वर्कशॉपमधल्या भीमराजशी तिने रजिस्टर लग्न केलं. भीमराज बौद्ध. त्यानं तिला कधी कशापासून अडवलं नाही, पण तिलाच उपासनेला जावंसं वाटेना. बुवांना माती दिली त्या दिवसानंतर तिने देवापुढे हात जोडले नव्हते.

"आख्यान मला येतं," ती आढावांना म्हणाली. "झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण माझा विश्वास राहिलेला नाही, साहेब. मी उभी राहिले तर ते नाटक होईल."

आढाव म्हणाले, "गावातली पोरं आता नगरला जातात, गिटारच्या उपासनेला. उरलेत ते म्हातारे. त्यांना डोळे मिटायच्या आत एकदा बुवांचे शब्द ऐकायचेत. विश्वासाचं तुमचं तुम्ही बघा. आम्हाला शब्द तरी द्या."

"नाही जमायचं," ती म्हणाली. पाळक सलाम करून निघून गेले.

संध्याकाळी भीमराज जेवायला बसला. आमटीचा एक घास घेऊन त्यानं वाटी लांब सारली.

"मीठ दोनदा पडलंय," तो म्हणाला. "कोण आलं होतं?"

तिने सांगितलं. तो म्हणाला, "न्हाई म्हणालीस ना? मग संपलं की."

"संपलंच आहे."

"मग आमटीचं असं का झालं?"

रविवारी ती बोरदऱ्याला गेली. कीर्तनाला हो म्हणायला नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. वडलांची वीणा सहादेवकाकांकडे आहे असं कधी तरी कानावर आलं होतं, ती घेऊन यावी, एवढंच. सहादेव म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. मारुतीच्या देवळात वाजवायचे आणि बुवांच्या मागेही वाजवायचे. दोन्हीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आता वय झालं होतं, एका डोळ्यात फूल पडलं होतं. मळ्यातल्या छपरात बाजेवर बसले होते.

"कोन? जयमाला? ये, बाळ, ये."

वीणा छपराच्या आढ्याला टांगलेली होती, धोतराच्या धडप्यात गुंडाळून. सहादेवांनी ती काढून तिच्या मांडीवर दिली. तिने धडपा सोडला. तिला वाटलं होतं, तारा गंजल्या असतील, लाकडाला वाळवी लागली असेल. तसं काही नव्हतं. तारा तर नव्या होत्या.

"काका, या कुणी बदलल्या?"

"बुवांनीच, मागं. नंतर म्या. सवय पडली हुती."

"आबांनी? त्यांचं कीर्तन तर बंद झालं होतं."

"तुमच्या देवळातलं बंद झालं हुतं," सहादेव म्हणाले. "रईवारी तिकडली उपासना झाली, की बुवा हिकडं यायचे. म्या पखवाज काढायचो. पुरं कीर्तन करायचे. नमनापासनं मागन्यापतुर."

"ऐकायला कोण असायचं?"

"दोन म्हशी. अन् एकादा बैल."

जयमाला हसली नाही. "तिकडे गप्प बसायचे आणि इथे येऊन गायचे? मग तिकडे जायचेच कशाला?"

"म्या बी इचारलं हुतं. बुवा म्हनले, तितं माजी मानसं हायेत. मानसं चुकली म्हनून काय मानसं सोडायची व्हय? अन् गानं देवाचं हाय, ते म्या कुटं बी म्हनंन."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू लई रुसली हुतीस, बाळ. सांजच्या येष्टीनं यायची अन् सकाळच्या येष्टीनं जायची. बोलायचं कवा?"

इतकी वर्षं तिने एका हरलेल्या माणसाचा राग केला होता, आणि तो माणूस हरलेलाच नव्हता. हे कळून तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. उलट आपण फसलो असं वाटलं, आणि फसवलं कुणी ते काही सापडेना. शेवटी तिने वीणेची खुंटी पिळून सूर लावला आणि म्हणाली, "काका, पखवाज काढता का?"

नाताळला दुपारच्या उपासनेनंतर सतरंज्या अंथरल्या. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मारुतीच्या देवळातली चार माणसंही सहादेवांबरोबर टाळ घेऊन आली आणि दाराजवळ टेकली. भीमराज बाहेर लिंबाखाली उभा होता, त्याला आढावांनी हाताला धरून आत आणलं. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून उबाळे उतरले. सावेडीला मुलाच्या बंगल्यात राहायचे, काठीशिवाय चालवत नव्हतं. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते आपण होऊन आले, कळलं नाही. माणसांनी वाट दिली. ते पुढच्या खुर्चीवर बसले.

जयमालाने त्यांना पाहिलं आणि नमन सुरू केलं. आवाज पहिल्यांदा फाटला, मग स्थिरावला. तिला काहीच अवघड गेलं नाही. मरिया, योसेफ, धर्मशाळेतून हाकलून दिलेली ती दोघं, सगळं जिभेवर आपोआप येत होतं. ती स्वतःला लांबून पाहत होती. बरं चाललंय, पट्टी थोडी खाली हवी होती. मग ती बुवांच्या अभंगावर आली:

"शेणामातीच्या गोठ्यात, राजा निजला गवतात,
नाही उशाला पाषाण, माय देई त्याला हात."

बायकांच्या बाजूने बनुबाईने धृपद उचललं. म्हातारीला दात नव्हते, शब्द पुरते निघत नव्हते. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सगळ्यांना पाठ होतं. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, इतकंच.

आख्यान संपलं. आता मागणं राहिलं. कीर्तनाच्या शेवटी देवाकडे मागायचं, ते बुवांनी कधी रचून ठेवलं नाही. ते दर वेळी नवं असायचं, त्या दिवसाचं. त्यामुळे जयमालाला ते पाठ नव्हतं. सरावात तिथपर्यंत आली की ती थांबायची आणि म्हणायची, पुढचं बघू.

पखवाज थांबला. माणसांनी डोळे मिटले. ती उभी राहिली. काहीच येईना. दाराशी कुणी तरी खाकरलं. पाठ केलेलं सगळं संपलं होतं, आणि आता बोलायचं तर कुणाशी तरी बोलावं लागणार होतं.

"देवा," ती म्हणाली आणि पुन्हा थांबली. मग हळू, घरात बोलावं तशी बोलू लागली. "मी लई वर्षांनी आलेय. तुझ्यावर रुसले होते. अजून पुरती राजी नाही. आबा तिकडे छपरात गायचे, ते तुला ऐकू येत होतं का, मला ठाऊक नाही. येत असंल तर माझंही ऐक. ह्या म्हाताऱ्यांना सुखात ठेव. सहादेवकाकांच्या डोळ्याला बघ. मला... मला परत येऊ दे."

"आमेन," बनुबाई म्हणाली. मग सगळे म्हणाले.

पांगापांग झाल्यावर उबाळे काठी टेकत तिच्याजवळ आले. ती वाट पाहत उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"टाळ जरा हळू हवेत," ते म्हणाले. "शब्द बुडतात. शब्द चांगले आहेत."

"बरं," ती म्हणाली.

"इस्टरचं आख्यान होतं का बुवांचं?"

"होतं."

"मग तेही बसव." आणि ते रिक्षाकडे गेले. माफीचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. रिक्षा वळून गेल्यावर जयमालाच्या लक्षात आलं, की त्या अक्षराविना आपलं काही अडलं नव्हतं.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. पंचांतल्या दोघांना वीणा पसंत नव्हती, त्यांनी जानेवारीच्या बैठकीत तसं बोलूनही दाखवलं. आढावांनी ऐकून घेतलं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी कीर्तन ठेवलं. नगरला जाणारी पोरं नगरलाच जात राहिली. त्यातली आरती नावाची एक मुलगी तेवढी चाल शिकायला म्हणून यायला लागली. जयमालाची ड्युटी असली की कीर्तन हुकायचं, मग बनुबाई नुसताच अभंग म्हणायची.

रोज सकाळी ड्युटीला निघण्याआधी जयमाला ओट्यावर थोडी बसायची. कधी बोलायची, कधी नुसती बसायची. भीमराज तेवढा वेळ रेडिओ बारीक करून ठेवायचा.