बैलबाजार, एकोणीसशे सत्तावन्न

कमलाकररावांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, रुमालाने काच पुसली आणि टेबलावर ठेवली. त्याबरोबर हंसाबाईंनी ओढणी हनुवटीपर्यंत खाली ओढली.

"याडी, घुंगट काहून घेतला?" राजकुमार हलक्या आवाजात आईला म्हणाला. "फोटो पाह्य ना."

हंसाबाई हलल्या नाहीत. केळापूरजवळच्या तांड्यावरून मायलेक आणि नात राखी सकाळच्या एसटीने यवतमाळला आली होती. जायचं होतं जात पडताळणीच्या कार्यालयात, पण त्याआधी इथे यायला राखीने लावलं होतं. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय असं नाव असलं तरी कारभार तीन खोल्यांचा. बंद पडलेल्या जिनिंगची ही जुनी कचेरी. कोर्टातली नोकरी संपल्यावर कमलाकररावांनी लोकांच्या माळ्यांवरची अडगळ मागून आणून ती इथे मांडली होती. रस्त्यावरचे कंदील, कापसाच्या गाठींवर मारायचे ठसे, आणि हा फोटो. कॉलेजच्या सहलीत राखीने त्याखालची चिठ्ठी वाचली होती : 'बैलबाजार, १९५७. लालसिंग, भीमसिंग व इतर बंजारा, तालुका केळापूर.'

राखीच्या पणजोबांचं नाव लालसिंग. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि शुक्रवारपर्यंत जातीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जागा जाणार होती. समितीला एकसष्टच्या आधीचा पुरावा हवा होता. ज्या घरात शाळेचा पहिला दाखला राजकुमारचा, त्या घरात एकसष्टच्या आधीचा कागद आणायचा कुठून?

"असं आहे," कमलाकरराव म्हणाले, "नाव आहे, पण माणसं सहा आहेत. आणि लालसिंग तुमच्या तालुक्यात पन्नास निघतील. घरातल्या जाणत्या माणसाने बोट ठेवून सांगितलं की हे आमचे, तर मी तसा जबाब लिहून फोटोच्या प्रतीबरोबर देतो. हंसाबाई, सासऱ्यांच्या घरात किती वर्षं काढलीत तुम्ही?"

"अकरा."

"मग झालं तर. ठेवा बोट."



"मी कशी सांगू?" हंसाबाई ओढणीआडून म्हणाल्या. "मी त्यायचं तोंड कधी पाह्यलं नाई."

कमलाकररावांना आधी वाटलं, बाई थट्टा करतायत. "अहो, अकरा वर्षं एका घरात होतात. ओढणीतून दिसत असेलच की."

"दिसत होतं. पाह्यलं नाई." मग त्यांनी जोडलं, "गेले तवा अंगनात ठेवलं होतं. तवाबी नाई."

राजकुमारने कपाळाला हात लावला. आजा गेला तेव्हा तो दोन वर्षांचा. त्याला काही आठवत नव्हतं. बाप धनसिंग जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या पिढीतलं तांड्यावर दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्याने आईला खिडकीशी नेलं.

"मधला हाये न, मोठ्या पगडीचा, तोच असन. बोट ठेव अन् मोकळी हो. कोन इचारते?"

"अन् तो दुसऱ्याचा बाप निंघाला तं?"

"याडी, राखीचं पाह्य जरा."

राखी दाराशी फाइल छातीशी धरून उभी होती. तिने काहीच म्हटलं नाही, आणि त्यानेच हंसाबाईंचा जीव जास्त तुटला. या पोरीसाठी त्यांनी काय केलं नसतं! पण घरच्या थोरल्या माणसाच्या जागी परका उभा करायचा, म्हणजे त्याला घराबाहेर काढल्यासारखंच की.

त्या टेबलाशी परत आल्या. सासऱ्यांचं काय माहीत होतं त्यांना? आवाज. त्या आवाजाने अख्खा तांडा गप्प व्हायचा, आणि सून तर चुलीशी थिजून जायची. आणि पाय. रोज संध्याकाळी पायांवर पाणी घालायचं, मग पुढ्यात ताट ठेवायचं. अकरा वर्षं नजर पायांच्या वर गेली नाही.

"भाऊ," त्या ओढणीच्या कडेखालून फोटोकडे बघत म्हणाल्या, "यायचे पाय कुठी गेले?"

माणसं गुडघ्यांपर्यंतच होती. कमलाकरराव ओशाळले. चौकट लहान पडली म्हणून खालचा भाग पुठ्ठ्याआड त्यांनीच दडवला होता; नुसती धूळ आणि पाय, त्यात बघण्यासारखं काय, असं तेव्हा वाटलं होतं. त्यांनी पेचकसाने मागचे खिळे उचकटले आणि फोटो बाहेर काढला.

हंसाबाई वाकल्या. त्यांचं बोट डावीकडून पायापायावरून सरकू लागलं. मोठ्या पगडीवाल्याच्या जाड वहाणांशी ते थांबलंसुद्धा नाही. अगदी कडेला दुसऱ्या कुणाच्या बैलाचं दावं धरून उभ्या असलेल्या माणसापाशी टेकलं.

"हे."

"कशावरून?"

"डाव्या पायाचं लहान बोट नाई. लहानपनी बैलानं पाय देल्ला होता."

कमलाकररावांनी भिंग धरलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली आणि कागद पुढे ओढला. राजकुमार मात्र पगडीवाल्याकडेच बघत राहिला. घटकाभर का होईना, तो त्याचा आजा झाला होता.

जबाब लिहून झाल्यावर कमलाकररावांनी वाचून दाखवला. कोर्टाची सवय, 'चेहऱ्यावरून ओळखले' असं हात आपसूक लिहून गेला होता.

"चेहऱ्यावरून नाई," हंसाबाई म्हणाल्या. "पायावरून लिवा."

"लिहितो. पण पायावरची ओळख समिती मानेल की नाही, मला सांगता येणार नाही. चेहरा लिहिला तर कोणी विचारणार नाही."

राजकुमारने आईकडे पाहिलं. हंसाबाईंनी राखीकडे पाहिलं.

"पायच लिवा म्हन, दादी," राखी म्हणाली.

कमलाकररावांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला, बाजूला सही केली. हंसाबाईंनी अंगठा दिला. प्रत काढायला कमलाकरराव आतल्या खोलीत गेले आणि राजकुमार ऑटो बघायला बाहेर पडला. टेबलाशी दोघी उरल्या.

"राखे," हंसाबाई हळूच म्हणाल्या, "तोंड कसं हाये वं त्यायचं?"

दादी, तूच पाह्य, असं राखीला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. फोटोवर वाकून तिने नीट बघितलं.

"बारीक हाये. गाल बसलेले. नाक बापूसारखं."

"रागात हायेत?"

"नाई वं दादी. बाकी सारे फोटोवाल्याकडं पाहून राह्यले. हे नाई." राखी आणखी खाली वाकली. "त्यायची मान खाली हाये. डोये जमिनीकडं."



"त्यायचीबी?" हंसाबाई म्हणाल्या.