विल्फ टलीचं नाव

खाटीक ऑडीने टेबलावर मूठ आपटली, तशी पाद्रीबाबांच्या कपातला चहा बशीत हिंदकळला.

“माझी दोन पोरं छातीवर गोळ्या झेलून मेली. त्यांच्या शेजारी त्या पळपुट्याचं नाव? मी जिवंत असेतो तरी नाही!”

सभागृहात गावची बैठक भरली होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक हार्थवेट गावाच्या चौकात उभं राहायचं होतं. दगड येऊन पडला होता, नावं कोरायची तेवढी राहिली होती. अडलं होतं ते विल्फ टलीच्या नावापाशी. विल्फला जर्मनांनी मारलं नव्हतं. आघाडी सोडून गेला म्हणून आपल्याच सैन्याने त्याला खांबाला बांधून गोळ्या घातल्या होत्या.

त्याची आई हॅना शेवटच्या बाकावर बसली होती. गेल्या आठवड्यात ती कॅप्टन गारफर्थच्या दारी आली होती. युद्धावरून परतल्यावर गावाने त्याला पार्लमेंटात पाठवलं होतं, त्याचा शब्द गावात चाले.

“तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, साहेब. नुसतं नाव हवंय. मला डोकं टेकायला थडगंसुद्धा नाही.”

“बघतो,” असं म्हणत गारफर्थ तिला दारापर्यंत सोडायला गेला होता. विल्फला शिक्षा सुनावणाऱ्या तीन अधिकाऱ्यांपैकी आपण एक होतो, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

“कॅप्टन, तुम्ही बोला,” पाद्रीबाबा म्हणाले. “तिथलं तुम्हीच पाहिलंय.”

गारफर्थ उठला. फ्रान्समधलं, खटला चालला ते गोठ्यासारखं घर त्याच्या डोळ्यांपुढे आलं. पोराचे हात असे थरथरत होते की हातातली टोपी दोनदा खाली पडली. तोफगोळ्याने उडालेल्या मातीखाली तो रात्रभर गाडला गेला होता, असं त्याचा सार्जंट सांगत होता. डॉक्टरला बोलवा, असं तिघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

एवढं सांगितलं असतं तरी ऑडीची मूठ उघडली असती. पण मग, तुम्हाला कसं ठाऊक, असं कोणीतरी विचारलंच असतं. निवडणूक तोंडावर आली होती. पहिल्या रांगेत पक्षाचा अध्यक्ष मिशीवरून बोट फिरवत बसला होता.

“स्मारक गावाचं आहे,” गारफर्थ म्हणाला. “मी माझं मत गावावर लादणार नाही.”

“शाब्बास! याला म्हणतात शहाणा माणूस,” कोणीतरी पुटपुटलं. हात वर झाले. नाव गळालं.

गारफर्थ बाहेर आला तेव्हा हॅना फाटकापाशी उभी होती. चुकवून जायला दुसरी वाट नव्हती.

“मिसेस टली, मला फार वाईट वाटतं.”

“तुम्ही तरी काय करणार? ऑडीचं दुःख काय लहान आहे?” तिने शाल गळ्याभोवती ओढून घेतली. “त्या दिवशी तिथे तुम्ही होतात ना, साहेब?”

फाटकाच्या कडीवरचा त्याचा हात तिथेच राहिला.

“शेवटच्या रात्री विल्फजवळ जे पाद्री होते, ते उन्हाळ्यात मला भेटून गेले. तिघांचीही नावं सांगितली त्यांनी. मी तुमच्याकडे आले तेव्हा बोलले नाही. म्हटलं, उगाच तुम्हाला कोंडीत धरल्यासारखं व्हायचं. पाद्री म्हणत होते, खटल्यात विल्फला उभं राहवेना, तेव्हा एका साहेबाने उठून स्वतःची खुर्ची त्याला दिली. कोण, ते त्यांना आठवेना. पण मला काय कळत नाही? गावचंच माणूस पुढे होणार.”

खुर्ची दिली होती ती तिघांतल्या कोवळ्या लेफ्टनंट एम्सने. पुढच्याच महिन्यात तो मेला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तेव्हा गारफर्थ वैतागून म्हणाला होता, “आटपा लवकर.”

“तुम्हीच ना ते?”

खाणीवरून सुटलेली माणसं रस्त्याने खाली येत होती. दोघातिघांनी कॅप्टनला पाहून टोपीला हात लावला.

“हो,” तो म्हणाला.

हॅनाने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.