अकरा इंची भोक

तीन महिने राउटरला, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनला, हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी उमरला बजावलं होतं, आणि त्याच्या बायकोनं, रुबीनानं, ते त्याच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. बायपास करताना छातीचं हाड मधोमध कापून तारेनं पुन्हा बांधलेलं. ओझं नको, थरथरणारं मशीन तर नकोच. आयुष्यभर घरामागच्या शेडमध्ये गाड्यांसाठी सबवूफरचे, म्हणजे घुमणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, बॉक्स करणाऱ्या माणसानं मग करायचं काय? तो सकाळी कळंबा तलावापर्यंत चालून यायचा, राउटरच्या बिटांचा, म्हणजे कापायच्या पात्यांचा, डबा उघडून बिटं पुसायचा, परत होती तशी लावायचा, आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहायचा. बसला की पाय आपोआप हलत राहायचा.

त्यात अभिनंदनचा फोन आला. गडहिंग्लजचा हा व्यापारी ऑपरेशनच्या आधी आपला बारा इंची स्पीकर बॉक्स करायला ठेवून गेला होता.

"सवडीनं करा उमरभाई. तब्येत आधी," तो म्हणाला.

त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ते 'सवडीनं' उमरला कुसळासारखं टोचत राहिलं.

रुबीना पुढच्या खोलीत गाडीची सीट कव्हरं शिवत होती. राउटरमध्ये बिट आवळायचा पाना तिनं दडवून ठेवला होता, म्हणून उमरनं जिगसॉ, हातात धरायची विजेची करवत, काढला. मोठं गोल भोक जिगसॉनं कापणं त्याला कधी पटलं नव्हतं. वळणावर पातं लवतं आणि कड वाकडी येते. पण हात गप्प बसत नव्हते. त्यानं एमडीएफच्या फळीवर अकरा इंचाचं वर्तुळ आखलं, पातं घालायला ड्रिल मारलं आणि बटण दाबून लॉक केलं.

थरथर मनगटातून कोपरात आणि कोपरातून थेट छातीच्या सांध्यात गेली. दात आवळून त्यानं पाव वर्तुळ कापलं. मग भुसा घशात गेला आणि खोकला आला. दोन्ही हातांनी त्यानं छाती धरली, तसं पातं रेघ सोडून फळीत आडवं घुसलं. एकाएकी मशीन थांबलं. रुबीनानं पिन उपसली होती.

घरातून उशी आणून तिनं त्याच्या हातात दिली. उशी छातीशी दाबून त्यानं खोकला जिरवला.

"फळी गेली," तो म्हणाला.

"जाऊ दे. तुम्ही हायसा न्हवं."

"अभिनंदनला शब्द दिलाय मी."

"मग मी कापतो की," रुबीना म्हणाली.

"मशीन धरलंयस का कधी?"

"इतकी वर्षं बघतोय. धरलं न्हाय एवढंच."

तांदळाच्या डब्यातून तिनं पाना काढून आणला. नव्या फळीच्या मध्यावर खिळा ठोकला. प्लायच्या पट्टीच्या एका टोकाला राउटर बसवला आणि दुसरं टोक खिळ्यात अडकवलं, म्हणजे मशीन खिळ्याभोवती गोल फिरणार. उमर दारातल्या खुर्चीवर बसून होता, म्हणजे अर्धा उठलेलाच.

"खिळ्यापासून साडेपाच इंच. बिटाच्या भायेरच्या कडेपर्यंत मोज, न्हायतर भोक मोठं हुईल आन् स्क्रूला जागाच उरणार न्हाय."

"मोजलं."

"एकदम खोल नको घालू. थोडं थोडं."

"व्हय."

"पट्टी ढिली वाटतीया."

रुबीनानं नुकतंच सुरू केलेलं मशीन बंद केलं. "एकतर तुम्ही बोला, न्हायतर मशीनला बोलू द्या."

तो उठून बोळात गेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला. भिंतीपलीकडून राउटरचा आवाज येत होता. आवाज जड झाला की तो थबकायचा. आणि एकदम त्याला आठवलं. शेवटच्या फेरीत मधली चकती सुटते आणि खिळा तर त्या चकतीतच असतो. केंद्र हललं की मशीन उसळतं. तो स्वतः नेहमी गुडघ्यानं चकती दाबून धरायचा, पण हे तिला सांगायचंच राहिलं होतं. पळता येत नव्हतं. भरभर चालत तो दारात पोचला.

चकती जागची हलली नव्हती. रुबीनानं तिच्यातून दोन स्क्रू खालच्या फळीत आवळले होते.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कापड सरकू नये म्हणून टाचण्या लावतोच की आम्ही."

उमरनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. खोट शोधली, सापडली नाही. मग उलट्या बाजूनं पुन्हा एकदा फिरवलं.

बॉक्स जोडून, कापड चढवून झाल्यावर अभिनंदन गाडी घेऊन आला. स्पीकर भोकात अलगद बसला. त्यानं गाणं लावलं आणि पहिला ठोका हवेतून येऊन उमरच्या छातीवर आदळला. पूर्वी आवाज पारखायला तो मुद्दाम डिकीसमोर छाती काढून उभा राहायचा. आता आत काहीतरी उसवतंय असं वाटलं. तो एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक, आणि शेडच्या भिंतीला टेकला.

"कसा हाय, उमरभाई?" अभिनंदननं विचारलं.

"झकास. तिनं कापलाय, मी न्हाय."

अभिनंदन खुशीत गेला. रुबीना जवळ आली. "तोंड का असं झालंय?"

"आवाज छातीवर बसतोय," उमर म्हणाला. इस्पितळातून आल्यापासून दुखतंय हे त्यानं पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. "हाड जुळंल गं. पर त्यानंतरबी असंच झालं तर? ह्या धंद्यात ऱ्हाता येईल का मला?"

"डॉक्टरला विचारलासा का?"

"न्हाय. भ्या वाटतंय विचारायला."

"सोमवारी जायाचंच हाय की. मी विचारतो."

ती आत जाऊन भुसा झाडू लागली. तो दारात घुटमळत राहिला, या पायावरून त्या पायावर.

"हिकडं या," ती म्हणाली. "पोत्याचं तोंड तेवढं धरा."

त्यानं दोन्ही हातांनी पोतं उघडून धरलं.