उजव्या दारावरचा आठ

आमच्या घरात राग माझ्या नाकावर आणि शांतपणा सासऱ्यांच्या वाट्याला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी रंगाऱ्यावर का ओरडले ते समजेल.

आमचा धंदा गाड्यांवरच्या स्टिकरांचा. आमच्याकडे येतात त्या जपलेल्या जुन्या गाड्या आणि शर्यतीच्या गाड्या. बॉनेटवरचे पट्टे, दारावरचे आकडे. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, मशीनने विनाइल कापायचं, नको तेवढं चिमट्याने उपटायचं आणि दारावर साबणाचं पाणी मारून ते रबरी पट्टीने बसवायचं. बुडबुडा राहिला तर तो गाडीवाल्याला आधी दिसतो, आम्हाला नंतर.

मशीन यायच्या आधी हे सगळं बाबा, म्हणजे माझे सासरे, ब्रशने रंगवायचे. आणि सासूबाईही. त्यांना मी आईच म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या आधी मला दुकान दाखवलं. मी बसवलेला पहिलाच पट्टा वाकडा गेला, तर मालकासमोर "माझा हात हलला" म्हणून मोकळ्या झाल्या. मग हेअर ड्रायरने गरम करत तो सावकाश कसा सोडवायचा ते शिकवलं. माझ्या सख्ख्या आईनेसुद्धा आधी चार शब्द सुनावले असते.

आई गेल्यावर त्यांच्या हातचं काहीतरी दुकानात असावं म्हणून मी खूप शोधलं. त्यांनी रंगवलेल्या पाट्या उतरल्या होत्या. गाड्या भंगारात गेल्या होत्या नाहीतर नव्याने रंगल्या होत्या. आमचं काम दुसऱ्याच्या दारावर राहतं आणि दार कोणी आपल्याला परत देत नाही.

तर एक काका आले. तरुणपणी ज्या गाडीतून शर्यती मारल्या, तीच हिरवी गाडी त्यांनी शोधून परत विकत घेतली होती. तिच्या दारांवर तेव्हा इंग्रजी आकड्यांत अठ्ठावीस होता, तसाच्या तसा त्यांना हवा होता. त्यांच्याकडे एकच फोटो, तोही डाव्या बाजूचा. गाडी आमच्या मागच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडे होती. तो जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून नवा देणार होता. मी फोटोवरून आकडा काढला, दोन्ही दारांसाठी सारखाच कापला आणि टेबलावर मांडला.

बाबा चहा घेऊन आले, दोन्ही आकडे बघत उभे राहिले.

"डावा माझा आहे," ते म्हणाले. "उजवा हा नव्हे. उजवा तिने काढला होता."

शर्यतीच्या दिवशी गाडी मेकॅनिककडून उशिरा आली होती म्हणे. मग एका दाराशी बाबा बसले, दुसऱ्या दाराशी आई. मी विचारलं, हे आजवर बोलला का नाहीत? तर म्हणतात, तू विचारलंस कुठे? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कळसा मागच्या गल्लीत होता, आणि रंगारी आज सकाळीच खरवडायला घेणार होता.

फोन लावला. मशीन चालू असताना त्याला काय ऐकू येणार! मी तशीच धावत सुटले, बाहीला विनाइलचे तुकडे चिकटलेले. बॉनेटचा पत्रा उघडा पडला होता, डाव्या दाराचाही. रंगारी उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर मशीन फिरवत होता. मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही. त्याने मशीन बंद केलं, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

"आधीच गेलेलं माणूस परत चाललं होतं," मी म्हणाले.

बिचारा बाजूला झाला. पण दारावर काय होतं? नुसता हिरवा रंग. वर नंतर रंगाचे दोन हात मारलेत, खाली काही उरलेलं नसणार, असं तो म्हणाला.

तेवढ्यात बाबा आपल्या चालीने आले. हातात बॅटरी, काखेत कागदाची गुंडाळी. त्यांनी बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि हिरव्या रंगाखाली उंचवट्याच्या रेषा दिसायला लागल्या. ब्रशचा जुना रंग जाड बसायचा, वरच्या रंगाने तो झाकला होता, सपाट केला नव्हता. आम्ही कागद चिकटवला आणि मुलं नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी पेन्सिल आडवी फिरवली. आधी दोन उमटला, लांब शेपटीचा. मग आठ. पण आठाच्या कमरेपाशी रेघ तुटली होती, खालचा गोल बोटभर बाजूला सरकलेला. मला वाटलं कागद हलला.

"इथे बाळ रडलं," बाबा म्हणाले. "तिने ब्रश ठेवून त्याला घेतलं. परत बसेपर्यंत रंग वाळत आला होता, सांधा काही जुळला नाही."

ते बाळ म्हणजे माझा नवरा.

मी पुन्हा दुसरा कागद लावून घासून घेतलं, खात्री म्हणून. मग बाबांनीच रंगाऱ्याला सांगितलं की आता खरवड. खालून गंज धरला होता, इलाज नव्हता. मशीनचा आवाज सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो.

दुकानात कागद स्कॅन केला आणि सवयीने माझा हात गेला. वेड्यावाकड्या रेघा सरळ करायचं एक बटण असतं, ते दाबलं. आठ सुरेख झाला आणि कोणाचाच राहिला नाही. मी लगेच मागे घेतलं. पण काकांना दोन दारांवर दोन तऱ्हेचे आकडे चालतील का? पैसे त्यांचे, गाडी त्यांची. ते नको म्हणाले असते तर मला तोंड उघडायला जागा नव्हती. फोन केला आणि सगळं सांगितलं.

"उजवीकडून ती गाडी कायम हसल्यासारखी दिसायची," काका म्हणाले. "कशामुळे, ते आत्ता कळलं. सरळ करू नका."

माझा जीव भांड्यात पडला.

नवा रंग वाळल्यावर आकडा बसवायला गेलो. मी रबरी पट्टी बाबांपुढे धरली. त्यांचे हात आता थरथरतात. त्यांनी ती माझ्याच हातात परत दिली आणि म्हणाले, तिने तुला शिकवलंय. आईंनी शिकवलं होतं तसंच मी मधून कडेकडे पाणी काढत गेले. त्या सांध्यापाशीच एक बुडबुडा हटून बसला. सुईने टोचून त्याला घालवला.

नवरा कामावरून थेट तिकडेच आला. मी त्याला सांध्याची गोष्ट सांगितली. त्याने तुटलेल्या रेघेवर अंगठा ठेवला.

"म्हणजे मी बिघडवला."

"तू होतास म्हणून आज तिचा हात ओळखू आला," बाबा म्हणाले.

नवऱ्याने अंगठा काढला नाही. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, परकं केल्यासारखं वाटतं. मीही आईंचे कधी मानले नव्हते. त्या दिवशी रंगाऱ्यादेखत मी त्या आठावर तळहात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "आई, त्या पहिल्या पट्ट्याबद्दल. हात माझा हलला होता."